मायक्रोस्क्वर्ट: कार्ब्युरेटरवाल्या बुलेट ३५० ला इंजेक्शन बसवायचं तर

कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन बसवायचं ठरलं की जो तो आधी ईसीयूच्या, म्हणजे इंजेक्शन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याच्या, शोधाला लागतो. मायक्रोस्क्वर्ट हा त्यातला जुना आणि भरवशाचा पर्याय. मेगास्क्वर्ट नावाच्या ईसीयूंच्या घराण्यातला, हातात मावणारा डबा, ३५ पिनांचं एकच कनेक्टर, आणि आकडे भरायला लॅपटॉपवर ट्यूनरस्टुडिओ हे सॉफ्टवेअर. डबा चांगला आहे, विकत घ्यावा असाच आहे. पण काम अडतं ते डब्यापाशी क्वचितच. अडतं पेट्रोलच्या प्रेशरपाशी, वायरिंगपाशी आणि क्रँकच्या सिग्नलपाशी. म्हणून इथे डब्याइतकंच त्याच्या भोवतालच्या सामानाबद्दल लिहिलं आहे.

उदाहरणाला २०२० च्या आधीची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० घेऊ. यूसीई इंजिन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये), ३४६ सीसी, ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोक, सुमारे २० बीएचपी, २९ मिमीचा सीव्ही कार्ब्युरेटर. हा कार्ब्युरेटर मुळात वाईट नाही. जेट नीट असतील तर मुंबई-पुणे करणाऱ्याला इंजेक्शनने ॲव्हरेजमध्ये फारसा फरक पडत नाही, आणि फक्त ॲव्हरेजसाठी हा खर्च करू नये. खरा फायदा उंचीवर दिसतो. लेहला ३,५०० मीटरवर हवेचा दाब ६५ किलोपास्कलच्या आसपास येतो, समुद्रकाठी तो १०१ असतो. जेट मात्र तेच राहतात, मिश्रण रिच होतं (पेट्रोल जास्त, हवा कमी), प्लग काळे पडतात आणि गाडी धापा टाकते. ईसीयू दाब मोजून तेवढं पेट्रोल कमी करतो. दुसरा फायदा थंडीत: चोक ओढत बसावं लागत नाही.

आता डब्यात काय नाही ते. मायक्रोस्क्वर्टमध्ये मॅप सेन्सर, म्हणजे इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा सेन्सर, नाही, तो बाहेरून जोडावा लागतो. आवृत्ती ३ मध्ये इग्निशनचं आउटपुट फक्त लॉजिक लेव्हलचं, म्हणजे नुसता इशारा देण्यापुरतं, आहे. त्यावर थेट कॉइल जोडली तर आउटपुट जळतं. मध्ये इग्निशन मॉड्यूल हवं, नाहीतर आत ड्रायव्हर असलेली कॉइल. आयडलिंगची स्टेपर मोटर चालवायची सोयही नाही, फक्त पीडब्ल्यूएम, म्हणजे भराभर चालू-बंद होणारा, व्हॉल्व्ह चालतो. भंगारातून आणलेल्या बहुतेक थ्रॉटल बॉडीवर (कार्ब्युरेटरच्या जागी बसणारा, हवा सोडणारा भाग) स्टेपरच असते. ती काढून तिची वाट बंद करायची आणि आयडलिंग स्क्रूवर ठेवायचं. एका सिलिंडरच्या गाडीला तेवढं पुरतं.

थ्रॉटल बॉडी २८ ते ३० मिमीची निवडा. मोठी घ्यायचा मोह होतो, पण सीव्ही कार्ब्युरेटरमध्ये व्हॅक्यूमवर उचलला जाणारा पिस्टन थ्रॉटलचा झटका गिळतो, बटरफ्लायमध्ये तसं काही नसतं. ३४ मिमीवर पहिल्या गिअरमध्ये गाडी हिसके देते आणि ते ईसीयूतल्या कुठल्याही टेबलने (आकड्यांच्या तक्त्याने) पूर्ण जात नाहीत.

इंजेक्टरचं गणित सोपं आहे. २० बीएचपीला पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला साधारण १०५ सीसी पेट्रोल लागतं. इंजेक्टर ८० टक्क्यांहून जास्त वेळ उघडा राहू नये, म्हणून १०५ भागिले ०.८, म्हणजे १३० च्या पुढचा हवा. ३ बारला १५० सीसी प्रति मिनिटाचा घ्यावा. त्यावर आयडलिंगला पल्स सुमारे ४ मिलिसेकंदांची येते. घरात पडलेला ३०० सीसीचा लावला तर तीच २ वर येते, आणि तिथे बहुतेक इंजेक्टर सरळ रेषेत वागत नाहीत. आयडलिंग कधी रिच, कधी लीन (पेट्रोल कमी). इंजेक्टरचा रेझिस्टन्स १२ ओहमच्या आसपास असावा. ट्यूनरस्टुडिओत एक सिलिंडर, इंजिनच्या एका सायकलला एक फवारा असं भरलं की रिक्वायर्ड फ्युएल, म्हणजे पूर्ण भरलेल्या सिलिंडरला लागणाऱ्या फवाऱ्याचा वेळ, १५ मिलिसेकंदांच्या जवळ येतो. खूपच वेगळा आकडा आला तर सीसी किंवा इंजेक्टरचा फ्लो चुकीचा भरला आहे.

पेट्रोलच्या लाइनवर काटकसर नको. कार्ब्युरेटरला पेट्रोल वरून खाली नुसतं येतं. इथे ३ बार प्रेशर आहे, आणि पाइप सुटला तर गरम इंजिनवर पेट्रोलची पिचकारी उडते. साधी रबरी नळी आणि स्क्रूची पट्टी चालत नाही. ३०आर९ दर्जाची इंजेक्शनची नळी, गोल आवळणारे इंजेक्शन क्लॅम्प, आणि ओ-रिंग व्हायटॉनच्या, कारण पेट्रोल पंपावर मिळणारं ई२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल साध्या रबराला फुगवतं. प्रेशर देणाऱ्या पंपाच्या आधी जाड जाळीचा फिल्टर, नंतर १० मायक्रॉनचा. रेग्युलेटरमधून परतणाऱ्या पेट्रोलसाठी टाकीला वरच्या बाजूला नळी वेल्ड करावी लागते. टाकी आधी पूर्ण रिकामी करून, धुऊन, वाफ जाऊ द्यायची आणि मगच वेल्डिंगला द्यायची. आत गंज असेल तर तो आधी काढा, नाहीतर इंजेक्टर पहिल्या महिन्यात चोंदेल. सगळं जोडल्यावर इंजिन बंद ठेवून पंप चालवा, गेज ३ बार दाखवतो का बघा आणि प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा.

वीज हा दुसरा अडसर. पंप ३-४ ॲम्पियर खातो, इंजेक्टर १ च्या आसपास, वाइडबँडचा (ट्यूनिंगसाठी सायलेन्सरच्या धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचा) हीटर आणखी थोडी. ५५/६० वॅटचा हॅलोजन लावून शहरात हळू चालवलं तर १४ एएचची बॅटरी हळूहळू उतरते, आणि व्होल्टेज उतरलं की इंजेक्टर उशिरा उघडतो. ईसीयू व्होल्टेजनुसार भरपाई करतो, पण त्यालाही मर्यादा आहे. हेडलाइट एलईडी करा, पंपाला वेगळा रिले आणि वेगळा फ्यूज द्या. सेन्सरचे अर्थ ईसीयूच्या सेन्सर अर्थलाच जोडायचे, चासीला नाही. जड अर्थ सगळे एकत्र इंजिनच्या एकाच बोल्टवर. हे चुकलं की पंप सुरू होताच टीपीएसचा (थ्रॉटल किती उघडा ते सांगणाऱ्या सेन्सरचा) आकडा हलतो आणि मिस्त्री दिवसभर टीपीएस बदलत बसतो.

मॅप सेन्सरबाबत एक सिलिंडरची गाडी त्रास देते. सक्शनच्या वेळी दाब एकदम खाली, बाकी वेळ वर. साधी सरासरी घेतली तर आकडा नाचतो. डब्यातल्या एमएस२/एक्स्ट्रा फर्मवेअरमध्ये सायकलमधला सर्वात कमी दाब पकडायची सोय आहे, ती वापरा. मॅपची नळी आखूड आणि टणक ठेवा. ॲक्सलरेशनचं जादा पेट्रोल टीपीएसवरून द्या, मॅपवरून नको.

सगळ्यात जास्त डोकेदुखी क्रँकच्या सिग्नलची. क्रँक कुठे आहे ते ईसीयूला सांगणाऱ्या पिकअप कॉइलच्या दोन वायरी उलट्या लागल्या तर गाडी सुरू होईल, पण आरपीएम वाढताना टायमिंग सरकेल आणि सिंक, म्हणजे ईसीयूचा क्रँकशी मेळ, तुटेल. वायर शील्डची, शील्ड एकाच टोकाला अर्थ. प्लगच्या नंबरात आर असलेला, म्हणजे रेझिस्टर प्लग हवाच. बिनआरच्या प्लगने ईसीयू चालता चालता रिसेट होतो. आणि इग्निशनला घाईने हात लावू नका. कंपनीचा टीसीआय, म्हणजे इग्निशनचा, डबा तसाच ठेवून मायक्रोस्क्वर्ट आधी फक्त पेट्रोलसाठी चालवा. क्रँकच्या एका फेऱ्याला एकच पल्स मिळत असली तरी फवाऱ्याला चालतं. इग्निशनला नाही, कारण किक मारताना कॉम्प्रेशनवर क्रँकचा वेग इतका बदलतो की पुढच्या ठिणगीचा अंदाज चुकतो. इग्निशनही ईसीयूवर घ्यायचंच असेल तर फ्लायव्हीलला दातांचं चाक लागेल. ते काम लेथवाल्याचं आहे आणि त्याला वेळ द्यायला हवा.

तापमानाचं टेबल डब्यात येतं ते पाण्याने थंड होणाऱ्या गाडीच्या हिशोबाने. बुलेटचं हेड १५० अंशांच्या वर जातं आणि तिथे नेहमीचा कूलंट सेन्सर जवळजवळ आंधळा होतो. तो ऑइलमध्ये बसवा आणि वॉर्म-अपचं टेबल त्याप्रमाणे नव्याने भरा. हे टाळलं तर सकाळी सुरू होणारी गाडी दुपारच्या चहानंतर सुरू होत नाही.

ट्यूनिंगला वाइडबँड लागतोच, फक्त रिच की लीन एवढंच सांगणाऱ्या नॅरोबँडवर वेळ घालवू नका. बेंड पाइपला सेन्सर बसवायचा १८ मिमीचा बंग (आट्यांची कडी) आडव्यापेक्षा किमान १० अंश वर कलता वेल्ड करा, म्हणजे सेन्सरमध्ये पाणी साचणार नाही. सायलेन्सर आखूड असेल तर आयडलिंगला बाहेरची हवा उलटी आत ओढली जाते आणि सेन्सर खोटं लीन दाखवतो. तो आकडा बघून पेट्रोल वाढवू नका, कानाने आणि आरपीएमने ठरवा. एएफआरऐवजी (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण) लॅम्बडात काम करा, त्यात समतोल मिश्रण म्हणजे १.०: ई२० चं समतोल मिश्रण १३.५ च्या आसपास आहे, १४.७ नाही. क्रूझला ०.९८ ते १.०, पूर्ण थ्रॉटलला ०.८६ ते ०.८८. एअर-कूल्ड इंजिनला याहून लीन नेऊ नये.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या फेरफारांवर बंधनं आहेत, त्यामुळे आरटीओ आणि विमा कंपनी दोघांना आधी विचारा. मूळ कार्ब्युरेटर, इनटेकचा रबर आणि केबल जपून ठेवा. बजाजनेही २००७ ची पल्सर २२० इंजेक्शनवर आणली आणि २००९ मध्ये तीच गाडी कार्ब्युरेटरवर परत नेली होती, तेव्हा मागे फिरायची वाट ठेवण्यात कमीपणा नाही.

घाटावरच्या किंवा कोकणातल्या पावसात चालवणार असाल तर डबा सीटखाली, कनेक्टरचं तोंड खाली करून बसवा. लडाखला नेणार असाल तर सोबत जादा रिले, फ्यूज, फिल्टर, मॅपची नळी आणि लॅपटॉपची केबल न्या. शक्य असेल तर पंपही, कारण वाटेतल्या गावात कार्ब्युरेटर उघडणारा मिस्त्री भेटतो, ३ बारचा पंप मिळत नाही.