सणाच्या पाईपसाठी कोणता डबा? लॅटेकिया की व्हर्जिनिया फ्लेक

दिवाळी, नाताळ, लग्नाचा वाढदिवस, मुलीचा निकाल. अशा मोजक्या दिवसांपुरताच ज्यांचा पाईप कपाटातून बाहेर येतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझंही आता तसंच आहे. रोजची तंबाखू सुटली, ते फार चांगलं झालं. आता वर्षाकाठी सात-आठ वेळा, तेही घरात नाही, मागच्या परसात. इतकं कमी ओढायचं तर त्या दिवसाला शोभेल अशीच तंबाखू हवी. इंग्लंडमध्ये बरीच वर्षं काढल्यावर माझी निवड दोन डब्यांवर येऊन थांबली: पीटरसनचं नाईटकॅप आणि सॅम्युएल गॅविथचं फुल व्हर्जिनिया फ्लेक.

नाईटकॅप जुन्या मंडळींना डनहिलचं म्हणून माहीत असेल. २०१८मध्ये डनहिलच्या नावाची पाईपची तंबाखू बंद झाली आणि पुढे ते मिश्रण पीटरसनच्या नावाने परत आलं. त्यात पेरिक या आंबवलेल्या तंबाखूचा तिखटपणा आहे, पण खरा जीव लॅटेकियाचा. धुरी दिलेली ती काळी पानं डबा उघडल्या उघडल्या सगळ्यांच्या आधी बोलतात. मला तर दर वेळी हुरड्याची आगटीच आठवते. नोव्हेंबरच्या पाच तारखेला इथे गाय फॉक्सची रात्र असते. ओलं लाकूड धुमसत असतं, हवेत फटाक्यांच्या दारूचा वास, आणि काही वर्षी आपली दिवाळीही त्याच आठवड्यात येते. अशा थंड, ओल्या रात्री लॅटेकियाला तोड नाही. भरायला सोपी, पेटायला सोपी, सहसा विझत नाही. त्या एका रात्रीसाठी विचाराल तर मी डोळे झाकून नाईटकॅप सांगेन.

फ्लेकचं तसं नाही. केंडलच्या गॅविथांचा धंदा १७९२पासूनचा, आणि हा माल अजूनही जुन्या चालीचा आहे: नुसती व्हर्जिनिया जातीची तंबाखू, वाफवून, दाबून, लांब काप केलेली. ओल भरपूर. तशीच भरली तर चार-चार काड्या ओढाव्या लागतात आणि जीभ पोळते ती वेगळीच. मी दोन काप सकाळीच ताटलीत कागदावर पसरून ठेवतो. तासाभराने चिमटीत दाबून पाहायचे. बोटाला गार लागले तर अजून थांबायचं. कोरडे वाटले, पण मोडले नाहीत, की हाताने चोळून सैल भरायचे. एवढी सवड ज्याला नाही त्याने या वाटेला जाऊ नये, असं मी प्रामाणिकपणे सांगतो.

तरीही माझा कौल फ्लेककडे फिरला तो लॅटेकियाच्या एका खोडीमुळे. ती पाईप सोडत नाही.

लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला बायकोने मला एक ब्रायरच्या लाकडाचा पाईप दिला होता. दुकानात जाऊन, हातात धरून, वजन बघून तिने स्वतः निवडलेला. २०१९च्या नाताळात मी त्याच पाईपात ओळीने तीन रात्री लॅटेकिया ओढली. फेब्रुवारीत पुढचा वाढदिवस आला. त्या दिवसासाठी फ्लेकचा एक डबा ठेवला होता, हे घर घेतलं त्या वर्षीचा, २०१३चा. झाकण काढलं तर काप जवळजवळ काळे पडलेले, त्यांवर बारीक चकचकीत कण, आणि वास मनुकांचा, सुक्या अंजिराचा. भरला, पेटवला, आणि पहिल्याच झुरक्याला तोंडात डिसेंबरची शेकोटी. दुसऱ्याला तीच, तिसऱ्यालाही तीच. सात वर्षं जपलेली चव त्या धुराखाली कुठे गेली, कळेना.

बायको शेजारी चहाचा कप घेऊन बसली होती. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "पाईप चांगला नाही का निघाला?" तिची निवड चुकली असं तिला वाटलं, याचं मला आजही वाईट वाटतं. पाईपचा काहीच दोष नव्हता.

नंतर पाईपच्या वाटीत, म्हणजे तंबाखू भरतात त्या भागात, मीठ भरून, वर कडक दारू ओतून तो रात्रभर ठेवला. सकाळी मीठ तपकिरी झालेलं. चार दिवसांनी पुन्हा तेच केलं. वास कमी झाला, पण अर्धी वाटी जळून लाकूड तापलं की अजूनही तो हळूच वर येतो. ज्यांच्याकडे पाच-सहा पाईप आहेत त्यांना ही अडचण येणारच नाही. त्यांनी लॅटेकियाला एक वेगळा काढून द्यावा. मी आता तिच्यासाठी मक्याच्या कणसाचा स्वस्त पाईप ठेवलाय आणि तो नोव्हेंबरातच बाहेर येतो. पण आठवणीचा म्हणून एकच पाईप असेल तर त्यात ती भरताना दोनदा विचार करा.

दुसरी गोष्ट मुरण्याची. व्हर्जिनियात साखर जास्त, त्यामुळे बंद डब्यात ती वर्षानुवर्षं मुरत, गोड आणि गोल होत जाते. लॅटेकियाचा धूर उलट वर्षांगणिक मवाळ होतो. कुणाला तेच आवडतं, मला ती ताजीच बरी वाटते. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या मॅक्लेलंडवाल्यांनी हे ओळखलं होतं. त्यांचं ख्रिसमस चीअर म्हणजे एकाच वर्षाच्या पिकाची व्हर्जिनिया, डब्यावर साल छापलेलं. २०१८मध्ये तो कारखाना बंद झाला, पण राखून ठेवलेले डबे लोक अजून नाताळात उघडतात. घरच्या प्रसंगांनाही हे जमतं. मूल झालं, घर घेतलं, नोकरी लागली, की त्या वर्षीचा डबा घेऊन ठेवायचा. मिश्रणाच्या डब्याशी असं नातं जुळताना मला तरी आलं नाही. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

लांब ठेवायचं असेल तर डब्यावर विसंबू नका. रबरी कडीच्या काचेच्या बरणीत दाबून भरा, अंधारात ठेवा, वर तारीख लिहा. मुलगी यंदा विद्यापीठात गेली, त्या आठवड्यात मी फ्लेकचे दोन डबे आणले. एक बरणीत गेलाय. चिठ्ठीवर तिचं नाव आणि साल बायकोने लिहिलंय. दुसरा दिवाळीच्या पहाटेला, अभ्यंगस्नान आणि फराळ झाल्यावर.