सुटलेलं बीकॉम चाळिशीच्या तोंडावर ऑनलाइन पूर्ण केलं, त्याचा रिव्ह्यू

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगतो. डिग्री खरी आहे, कंपनीने मान्य केली, पैसे वाटले होते त्यापेक्षा जास्त गेले, आणि "तुमचं राहिलेलं शिक्षण पूर्ण करा" अशी जी जाहिरात मोबाईलवर दिसते ना, त्यातलं "राहिलेलं" विसरा, बहुतेकांना पहिल्या वर्षापासूनच सुरू करावं लागतं. आता ज्यांना वेळ आहे त्यांनी पुढे वाचा.

मी नाशिकचा, अंबडला एका कंपनीत अकाउंट्समध्ये, व्हेंडर पेमेंट बघतो. एसवाय बीकॉम झाल्यावर नोकरी लागली आणि टीवायला फॉर्मच भरला नाही, त्याचं तेव्हा काही वाटलंही नाही कारण हातात पगार होता. अडलं ते नंतर. असिस्टंट मॅनेजरची जागा निघाली की सिस्टीममध्ये "ग्रॅज्युएट" हा रकाना भरल्याशिवाय फाईल पुढेच सरकत नाही, साहेबांची कितीही इच्छा असू दे. माझ्या हाताखाली शिकलेली दोन पोरं माझ्या वर गेली, चांगली पोरं आहेत, अजून फोन करून विचारतात की दादा ही एन्ट्री कशी टाकायची.

नाशिककर पहिला प्रश्न विचारतील तो मला सगळ्यांनी विचारला, अगदी सासऱ्यांनीसुद्धा, की अहो मुक्त विद्यापीठ आपल्या गावात असताना हे काय लांबचं काढलंत? बरोबर आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ गोवर्धनला, गंगापूर धरणाच्या रस्त्यावर, १९८९ पासून आहे, राम ताकवले सर पहिले कुलगुरू, "ज्ञानगंगा घरोघरी" हे ब्रीद तर पाठ आहे सगळ्यांना. आमच्याच लाईनवरचे कितीतरी ऑपरेटर तिथून बीए झाले. फी कमी, पुस्तकं मराठीत, आणि एकट्याने बसून वाचता येतील अशी लिहिलेली. मला फक्त एकच गोष्ट जमणार नव्हती, ती म्हणजे अभ्यास केंद्राचे वर्ग आणि केंद्रावर जाऊन परीक्षा, कारण महिनाअखेर आणि मार्चमध्ये आमच्याकडे रजा हा शब्द उच्चारायचा नसतो. इग्नूचंही तसंच, १९८५ पासूनचं केंद्र सरकारचं विद्यापीठ, जानेवारी आणि जुलै असे दोनदा प्रवेश, पण साध्या डिस्टन्स बीकॉमची परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये सेंटरवर जाऊनच. म्हणून एका खासगी विद्यापीठाचं पूर्ण ऑनलाइन बीकॉम घेतलं. नाव लिहीत नाही, पुढे थोडं वाईटही लिहिणार आहे आणि मला भांडण नकोय.

डिस्टन्स आणि ऑनलाइन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मलाही आधी नीट कळलं नव्हतं. डिस्टन्स म्हणजे पुस्तकं, सेंटर आणि हॉलमध्ये पेपर. ऑनलाइन म्हणजे लेक्चर, असाइनमेंट, परीक्षा सगळं स्क्रीनवर. दोन्ही यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२० च्या एकाच नियमावलीखाली येतात आणि मान्यता असलेल्या विद्यापीठाची अशी डिग्री नेहमीच्या कॉलेजच्या डिग्रीच्या बरोबरीची धरायची असं यूजीसीने २०२२ मध्ये पुन्हा जाहीर केलं. त्या पत्राची प्रिंट काढून ठेवा. आमच्या एचआर मॅडमनी तोंड वाकडं करून "करस्पॉन्डन्स का?" विचारलं तेव्हा मी काही न बोलता ती प्रिंट पुढे सरकवली.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जुन्या दोन वर्षांचं काय होतं. प्रवेशासाठी फोन करणारे असतात त्यांना कौन्सेलर म्हणायचं, पण ते विकणारेच असतात. मला एक जण म्हणाला, हो हो सर, डायरेक्ट थर्ड इयर, तुमचे मार्क्स ट्रान्सफर होतील, फक्त आज रात्री बारापर्यंत सीट आहे. मी म्हटलं बरं, एवढं ई-मेलवर लिहून द्या. नंतर त्याचा फोन आला नाही. क्रेडिट ट्रान्सफर ही सोय आहे, खोटी नाही, ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१ मध्ये सुरू झाली, त्यात तुमचे क्रेडिट, म्हणजे पास केलेल्या प्रत्येक विषयाचे ठरलेले पॉइंट, साठतात आणि साधारण सात वर्षं चालतात. पण आमच्या काळात वर्षाच्या शेवटी एक परीक्षा आणि एक पिवळट मार्कशीट, त्यात क्रेडिट नावाचा प्रकारच नव्हता, ते बँकेत कुठून येणार. तुम्ही अलीकडे, म्हणजे सेमिस्टर पॅटर्नमध्ये सोडलं असेल तर जरूर विचारा, पण विद्यापीठाला विचारा, लेखी विचारा, आणि उत्तर आल्याशिवाय पैसे भरू नका.

पहिल्यापासून करायचं म्हटल्यावर डोकं फिरलं होतं माझं. पण खरं सांगू, अभ्यास उघडल्यावर राग बराच उतरला. मी कॉलेज सोडलं तेव्हा व्हॅट होता, आता जीएसटी येऊन किती वर्षं झाली. कंपनी कायदा मी १९५६ चा घोकला होता, आता २०१३ चा आहे, एकट्या माणसाची कंपनी वगैरे गोष्टी त्यात आहेत ज्या आमच्या पुस्तकात नव्हत्या. माझी जुनी वर्षं मोजली असती तर मला डिग्री मिळाली असती आणि डोक्यात रद्द झालेला कायदा राहिला असता. करार कायदा मात्र १८७२ चा आहे तिथेच आहे, "प्रस्ताव आणि स्वीकृती" वाचताना जुने सर आठवले. आणि कॉस्ट अकाउंटिंग! एवढी वर्षं मी ओव्हरहेडचे आकडे नुसते इकडून तिकडे भरत होतो, ते तसे का वाटून टाकतात हे पहिल्यांदा कळलं, त्यावरून प्रॉडक्शनच्या माणसाशी भांडलोसुद्धा आणि जिंकलो.

कागदपत्रं. इथे धीर लागतो. ऑनलाइन किंवा डिस्टन्सला प्रवेश घ्यायचा तर आता डीईबीचा, म्हणजे यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्यूरोचा, आयडी काढावा लागतो, तो २०२४ पासून सक्तीचा आहे, आणि त्याच्या आधी एबीसी आयडी, म्हणजे वर सांगितलेल्या क्रेडिट बँकेचा, तो डिजीलॉकरमधून, तो आधारवरून. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडील, आणि आधारवर नाव, वडील, आडनाव, वर माझ्या नावात एक डबल ए आहे जो बारावीच्या मार्कशीटवर सिंगल आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येकाचं हे होणार आहे तेव्हा आधीच जुळवून घ्या. जुन्या कॉलेजातून टीसी काढायला गेलो तर खिडकीवरचे काका म्हणाले, "इतकी वर्षं कुठे होतात?" मी म्हटलं, "इथेच, अंबडला." त्यांनी "उद्या या" सांगितलं, आणि त्यांच्याकडच्या उद्याचा हिशेब काही माझ्या कॅलेंडरशी जुळेना. मायग्रेशन सर्टिफिकेटही लागतं, कारण विद्यापीठ बदलतंय.

अभ्यासाची ॲप, पोर्टल वगैरे ठीक. रेकॉर्डेड लेक्चर बरे आहेत, काही सर तर खरंच छान शिकवतात, काही नुसती स्लाईड वाचतात, त्यांना दीडच्या स्पीडवर लावायचं. मी सिडको ते अंबड कंपनीच्या बसमध्ये कानात घालून ऐकायचो. लाईव्ह लेक्चर शनिवार-रविवार, त्यात पहिली पंधरा मिनिटं "सर आवाज येत नाहीये" यात जातात. वर्गात लातूरच्या एक ताई होत्या, जम्मूला पोस्टिंग असलेला एक जवान होता, कोल्हापूरचा बँकेत कंत्राटी काम करणारा मुलगा होता, आमचा मराठी लोकांचा वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप झाला आणि निम्मा अभ्यास त्यावरच झाला. ग्रुपवर सोडवलेल्या असाइनमेंट फिरतात, कॉपी करायला जीव तुटतो, पण असाइनमेंटचे मार्क्स फार तर तीसच टक्के, बाकी सत्तर शेवटच्या परीक्षेचे, तिथे ग्रुप येत नाही. आणखी एक फुकटचा सल्ला, विद्यापीठाचं साहित्य पातळ वाटलं तर इग्नूच्या ई-ज्ञानकोशवर जा, त्यांची पुस्तकं तिथे फुकट वाचायला ठेवलेली आहेत, माझा फायनान्शियल अकाउंटिंगचा पाया तिथूनच पक्का झाला, ज्यांना मी फी भरली त्यांच्याकडून नाही.

परीक्षेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळे "घरी बसून परीक्षा" ऐकून खूश होतात. घरी असते, पण सोपी नसते. लॅपटॉपचा कॅमेरा चालू, माईक चालू, आधी ओळखपत्र दाखवायचं, मग लॅपटॉप उचलून अख्खी खोली फिरवून दाखवायची, टेबलाखालीसुद्धा. खोलीत दुसरं कोणी आलं की वॉर्निंग. मला प्रश्न पुटपुटत वाचायची सवय, तर माईकने तेही पकडलं. आमचं वन बीएचके, हॉल म्हणजेच परीक्षा केंद्र, मुलीला मेव्हण्याकडे पाठवलेलं, आणि आई चहा घेऊन दारात, मी तोंडाने बोलू शकत नाही, मान हलवली की तीही वॉर्निंग, शेवटी हिने मागून तिचा हात धरून आत नेलं. आई नंतर म्हणाली, "बारावीलाही असाच घाबरला होतास."

कंपनीचा लॅपटॉप अजिबात चालत नाही हे लक्षात ठेवा. परीक्षेचा ब्राउझर इन्स्टॉल करायला ॲडमिनचा पासवर्ड लागतो आणि आयटीवाले तो देत नाहीत, दिला तरी कंपनीचं सिक्युरिटी सॉफ्टवेअर आणि ते एकमेकांशी भांडतात. मेव्हण्याचा लॅपटॉप आणला. वर मोबाईलचं हॉटस्पॉट तयार ठेवलं, लाईट गेलीच एका पेपरला, पण राऊटरला छोटा बॅकअप लावला होता म्हणून निभावलं. आणि अकाउंट्सवाल्यांसाठी खास त्रास: बॅलन्स शीट एका साध्या टेक्स्ट बॉक्समध्ये टाईप करायची. रकाने नाहीत, ओळी नाहीत, स्पेसबार मारत मारत आकडे एकाखाली एक आणायचे. हे मी विद्यापीठाला प्रत्येक सेमिस्टरच्या फीडबॅकमध्ये लिहिलं, "नोंद घेतली" असं उत्तर यायचं. ज्याने हे पोर्टल बनवलं त्याने आयुष्यात एक ट्रायल बॅलन्स जुळवलेली नाही एवढं नक्की. परीक्षेच्या व्यवस्थेला पाचपैकी दोन.

पैसे. सगळं धरून लाखाच्या वर गेले. मुक्त विद्यापीठात किंवा इग्नूत हेच काही हजारांत वर्ष निघतं, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जास्तीचे पैसे मी रजा वाचवायला दिले असं धरतो, ज्यांना रजा मिळते त्यांनी हे पैसे घालवू नयेत. "नो कॉस्ट ईएमआय" म्हणतात तो हप्ता विद्यापीठाला जात नाही, तुमच्या नावावर फायनान्स कंपनीचं कर्ज निघतं, शिक्षण सोडलं तरी हप्ता चालू राहतो आणि सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जाच्या रेकॉर्डवर, दिसतो, मी सेमिस्टरला सेमिस्टर भरले. आणि पैसे भरायच्या आधी यूजीसीच्या डीईबीच्या वेबसाईटवर विद्यापीठाचं नाव, तुमचा कोर्स आणि तुमचं वर्ष असं तिन्ही बघा, कारण मान्यता कोर्सला असते, नुसत्या विद्यापीठाच्या नावाला नाही. क्लासवाले "आमचं टायअप आहे" म्हणाले तर तिथून उठा, फ्रँचायझी चालवायला यूजीसीची बंदी आहे.

घरात काय वातावरण होतं हे विचारू नका. मुलगी सातवीत आणि बाप फर्स्ट इयरला, ती माझं टाईमटेबल बनवायची आणि मी मॅच बघताना सापडलो की आईला सांगायची. हिने मात्र पूर्ण काळात दिवाळीची साफसफाई एकटीने केली, त्याची नोंद कुठल्याच मार्कशीटवर नाही.

रिझल्टनंतर डिग्री सर्टिफिकेटसाठी वेगळा अर्ज, वेगळी फी, आणि वाट बघणं. तोपर्यंत प्रोव्हिजनलवर काम चाललं. एचआरचा रकाना भरला, मुलाखत झाली, जागा मिळाली.

हे वाचून माझ्या मेव्हण्याने विचारलं, मग माझं पण होईल का, त्याचं मेकॅनिकल थर्ड इयरला सुटलंय. नाही होणार. इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी, नर्सिंग, आर्किटेक्चर, लॉ असल्या डिग्र्या ऑनलाइन किंवा डिस्टन्सने देताच येत नाहीत, कोणी देतो म्हणाला तर तो फसवतोय. त्याला सांगितलं ऑनलाइन बीसीए कर, पहिल्यापासून करावं लागेल पण इंजिनिअरिंगचा एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, पुन्हा द्यावा लागणार नाही. हे ऐकल्यावर गडी लगेच तयार झाला, लॅपटॉप तेवढा परत मागतोय.