तारांमागची सफाई: पाण्याची धार की इवलासा ब्रश?

ब्रेसेस लावल्यावर ब्रश ब्रॅकेटच्या, म्हणजे तार धरून ठेवणाऱ्या दातावरच्या छोट्या तुकड्याच्या, वरून आणि खालून तिरका धरायचा, पेस्ट फ्लोराइडची घ्यायची, हे डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंच असेल. प्रश्न त्यापुढचा आहे. तारेच्या मागे आणि दोन दातांच्या मध्ये काय घालायचं? तारेखालून दोरा ओवून फ्लॉस करण्याचा उद्योग मी चार दिवस केला आणि हात टेकले. मग उरले वॉटर फ्लॉसर, म्हणजे पाण्याची बारीक धार मारणारं यंत्र, आणि इंटरडेंटल ब्रश, म्हणजे दातांच्या फटीत जाणारा इवलासा ब्रश. दोन्ही मी बरेच महिने वापरले.

आधी फ्लॉसर घेतला आणि सुरुवातीला भलताच खूश होतो. तार नुकतीच आवळलेली असते, दाताला काही लागलं तरी कळ येते, तेव्हा कमी दाबावरची ती धार फार सुखाची वाटते. टाकी भरणं, चार्जिंग, घर झोपलेलं असताना होणारी घरघर, हे सगळं मी निभावून नेलं. एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत जमली नाही. पाणी अंगावर उडू नये म्हणून बेसिनवर ओणवं व्हायचं आणि ओठ जवळजवळ मिटूनच धार सोडायची. मग आरशात दिसणार काय, कपाळ! धार हिरडीच्या कडेला लागतेय की ब्रॅकेटवर आपटून परत येतेय, सगळा अंदाजपंचे कारभार. तोंड मात्र स्वच्छ झाल्यासारखं वाटायचं आणि तिथेच मी फसलो. एका तपासणीत डॉक्टरांनी हातात आरसा दिला. वरच्या सुळ्यांपाशी हिरडी लाल, फुगलेली, आणि ब्रॅकेटच्या कडेने पिवळट थर. अन्नाचे कण निघून गेले होते, चिकट थर जागच्या जागी होता.

हिरड्या सुजतात त्या या थरातल्या जिवाणूंमुळे. १९६५ साली दंतसंशोधक हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी १२ जणांना दात घासणं बंद करायला लावलं होतं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्यांना सूज आली, आणि सफाई पुन्हा सुरू झाल्यावर ती आठवडाभरात ओसरली. माझ्या सुळ्यांवर मी नकळत हाच प्रयोग चालवला होता म्हणायचा.

इंटरडेंटल ब्रश बाटली धुण्याच्या ब्रशचं पिल्लू. तारेच्या मागून वरून एकदा, खालून एकदा, ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंना. हे सगळं आरशासमोर, तोंड उघडं ठेवून. थर निघाला की ब्रशवर दिसतो, राहिला तर दातावर दिसतो. दाढांपाशी त्याची बारीक तार वाकते, हा त्याचा खरा वैताग. माप चुकलं तर तो फटीत जातच नाही; अशा वेळी जोर न लावता एक माप बारीक घ्यावा. पहिले काही दिवस थोडं रक्त आलं म्हणून मी घाबरलो होतो. दहाएक दिवसांत ते थांबलं. तुमचं थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

फ्लॉसरवर माझा राग नाही. माझा नेम चुकत असेल, तुमचा लागेलही. बोटांनी बारीक काम जमत नसेल तर तोच बरा. पण एकच घ्यायचं असेल तर मी आधी ब्रशचं पाकीट घेईन. माझा फ्लॉसर अजून आहे. तार आवळून आलो की दोन दिवस तो बाहेर निघतो, मग परत कपाटात.