रोल२०: लढाई चोख, पात्र मात्र आपणच घडवायचे

2012 मध्ये सुरू झालेली 'रोल२०' ही ब्राउझरमध्येच चालणारी सेवा आहे आणि ऑनलाइन फँटसी रोलप्लेमध्ये, म्हणजे काल्पनिक जगातले एकेक पात्र होऊन मिळून कथा खेळण्यात, तिचा कस लागतो तो लढाईच्या प्रसंगी. नुसता मजकूर लिहून खेळताना 'माझा वार लागलाच' असे परस्पर जाहीर करणारा एखादा खेळाडू सगळ्यांचा विरस करतो. येथे वीस बाजूंचा फासा सर्वांच्या डोळ्यांदेखत पडतो, त्यात पात्राचे गुण मिळवले जातात आणि वार लागला की हुकला हे तिथल्या तिथे ठरते. त्यामुळे ढाल कशी निसटली, घाव बसल्यावर पात्र मागे सरले की चवताळून पुढे आले, हे रंगवण्याकडे खेळाडूला पूर्ण लक्ष देता येते. कोणाची पाळी कधी, हे टर्न ट्रॅकर दाखवतो.

पात्राच्या नोंदीत आकड्यांखेरीज पूर्वायुष्य लिहिण्यासाठी वेगळी जागा आहे, शिवाय केवळ गेम मास्टरला, म्हणजे कथा चालवणाऱ्याला, दिसणारा रकानाही आहे. पात्राने कोणाचा विश्वासघात केला, त्याला कशाची धास्ती वाटते, हे पूर्वायुष्याच्या जागेत टिपून ठेवल्यास गेम मास्टर ते नेमक्या वेळी कथेत आणू शकतो, आणि पात्र खरे वाटू लागते ते अशा उणिवांमुळेच. हे लिखाण मात्र खेळाडूलाच मनापासून करावे लागते.

नव्या गटाला मोफत खाते पुरेसे आहे. पात्राच्या नजरेच्या टप्प्यापुरताच नकाशा उजळणारे डायनॅमिक लाइटिंग हवे असल्यास वर्गणी भरावी लागते, आणि अंधाऱ्या भुयारातील लढायांसाठी ती भरावी असेच माझे मत आहे.