सिसिली: मुक्काम पालेर्मोत की कातानियात?
चारच दिवस असतील तर एकच शहर धरा. दोन्हींमध्ये रेल्वेने सुमारे तीन तास मोडतात. कला-संस्कृतीत पालेर्मो सरस: बाराव्या शतकातलं पॅलाटाइन चॅपल, बल्लारोचा बाजार, कठपुतळ्यांचे खेळ, जवळच मोन्रेआले गावच्या कॅथेड्रलमधली सोनेरी मोझेइक. रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे चॅपल काही काळ बंद असतं, म्हणून ते इतर वारी उरका.

कातानियाहून एटना ज्वालामुखी, सिराकूसा आणि ताओर्मिना ही शहरं प्रत्येकी दिवसभरात होतात. एटनाची सार्वजनिक बस मात्र सकाळी एकदाच. चुकली की दिवस गेला. शाकाहाऱ्यांना इथला वांग्याचा पास्ता हमखास. ३ ते ५ फेब्रुवारीला कातानियाची रक्षक संत सांत आगाता हिची जत्रा, खोल्या फार आधी धरा.

भाड्याची गाडी पालेर्मोच्या जुन्या भागात नेऊ नका: तिथे परवान्याशिवाय गाड्यांना बंदी आहे, कॅमेरा नंबर टिपतो, दंड घरी परतल्यावर येतो.