वेगळे वर्ग की एकत्र शिक्षण?

नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली सुरू झालं. वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी अशा सगळ्या शाखा एका छत्राखाली आल्या, पण कॉलेजं आणि अभ्यासक्रम वेगवेगळेच राहिले. याचा फायदा खरा आहे: प्रत्येक शाखेचा पाया पक्का होतो आणि पदवी म्हणजे नेमकं काय येतं, हे स्पष्ट असतं.

स्वीडनमधल्या लिंशोपिंग विद्यापीठाने १९८६ मध्ये दुसरी वाट धरली. तिथे डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट होणारी मुलं शिक्षणाचा काही भाग एकत्र करतात. पुढे तर विद्यार्थ्यांनी मिळून, शिक्षकांच्या देखरेखीखाली चालवायचा वॉर्डच उभा राहिला.

मधुमेही माणसाच्या पायाची जखम घ्या. औषध डॉक्टर लिहितो, ड्रेसिंग नर्स करते, चालणं फिजिओथेरपिस्ट शिकवतो, ताटात काय असावं ते आहारतज्ज्ञ सांगतो. रुग्ण एकच, आणि ही चौघं शिकत असताना कधी एकमेकांशी बोललेलीही नसतात! मला इथेच दुसरी पद्धत उजवी वाटते.

मात्र एकत्र शिकणं म्हणजे पॅथींची सरमिसळ नव्हे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ॲलोपॅथीच्या विद्यार्थ्यांना आयुषची (म्हणजे आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी अशा पद्धतींची) आणि आयुषच्या विद्यार्थ्यांना ॲलोपॅथीची मूलभूत ओळख हवी, असं म्हटलंय. ओळख जरूर असावी, पण औषध लिहिण्याचा अधिकार हा वेगळा आणि फार जबाबदारीचा विषय आहे.

सुरुवात निदान इंटर्नशिपमधल्या एका सामाईक वॉर्डपासून करता येईल.