जुन्या मिनीबस बदलताना: सीएनजी घ्यावी की विजेवरची?

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात शाळेची मुले आणि कापसाच्या जिनिंगचे कामगार नेणाऱ्या आमच्या पाच मिनीबस 2008 ते 2011 या काळात घेतलेल्या होत्या. गेल्या तीन वर्षांत त्यांपैकी चार बदलल्या. आधी दोन सीएनजीच्या घेतल्या आणि नंतर दोन विजेवरच्या. हा क्रम काही आधी ठरवलेला नव्हता. नगरपरिषद, शाळा किंवा एखादा गाडीमालक आज याच पेचात असेल, तर आमचा अनुभव कदाचित उपयोगी पडेल. आसने किती, हमी किती वर्षांची, हे विक्रेता सांगतोच, त्यामुळे त्यात मी शिरत नाही.

नव्या डिझेल गाडीचा विचार मी लवकर सोडला. एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 या प्रदूषणाच्या निकषांमुळे या गाड्यांना काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो आणि साठलेली काजळी जाळण्यासाठी गाडी सलग, जरा वेगाने पळावी लागते. दर दोन किलोमीटरवर फाट्याफाट्याला थांबणाऱ्या गाडीला ते जमत नाही. ओळखीतल्या एका मालकाला आठवड्यातून एकदा रिकामी गाडी हायवेवर पळवून आणावी लागते, हे पाहिल्यावर माझ्यापुरता तो विषय संपला.

सीएनजीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते आधी बोलले पाहिजे. गाडी विजेच्या गाडीपेक्षा बरीच स्वस्त मिळते. मला आलेल्या कोटेशनांत विजेची गाडी जवळपास दुप्पट किमतीची होती. चालकाला नवे काही शिकावे लागत नाही, क्लच आणि ब्रेकचे काम गावातला मिस्त्री करतो, बँकही कर्जाला फारशी कुरकुर करत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये चालकासह दहा किंवा त्याहून अधिक माणसांच्या बसगाड्यांवरील जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा सीएनजीचे पारडे आणखी थोडे जड झाले. विजेच्या गाडीवर तो आधीपासूनच 5 टक्के आहे. दराचे मात्र सांगता येत नाही. मार्च 2022 मध्ये नागपुरात सीएनजी किलोला 120 रुपयांवर गेला होता, कारण तो द्रवरूपात टँकरने गुजरातेतून येत असे. समृद्धी महामार्गालगतच्या गॅस वाहिनीमुळे पुढे चित्र बदलू शकेल, पण आमच्या तालुक्यातल्या गाडीला पंपापर्यंत जावे लागेलच.

आणि हे पंपापर्यंत जाणेच मला नडले. आमच्या आवारापासून सर्वांत जवळचा सीएनजी पंप 34 किलोमीटरवर आहे आणि तेथे वाहिनीने गॅस येत नाही. सिलिंडरांची चळत बांधलेला ट्रक मोठ्या केंद्रावरून भरून येतो. ट्रक नुकताच आलेला असेल तर टाकी 200 बार दाबापर्यंत भरते. वीस-पंचवीस गाड्या भरून झाल्या की दाब उतरतो आणि त्यानंतरच्या गाडीला दीडशेवर समाधान मानावे लागते. उन्हाळ्यात गॅस तापून फुगतो, त्यामुळे काटा 200 दाखवत असला तरी वजनाने गॅस कमीच भरलेला असतो. शिवाय भरताना गाडीत प्रवासी बसवून ठेवता येत नाहीत, म्हणून मुलांना घेऊन वाटेत गॅस भरण्याचा मार्गही बंद. परिणामी एक दिवसाआड पहाटे साडेतीनला रिकामी गाडी निघायची आणि 68 किलोमीटरची ही फेरी कोणत्याही भाड्यात धरता येत नव्हती.

फेब्रुवारी 2024 मध्ये बारावीच्या परीक्षेच्या एका दिवशी आमचा चालक पहाटे पाचला पंपावर पोहोचला, तेव्हा पुढे एकोणीस गाड्या होत्या. सहा वाजता फोन आला, "गाडीच नाई आली भाऊ अजून. पंपवाला म्हन्ते, येते." सात वाजता तेच उत्तर. आठ वाजता चालकाने फोन उचलला नाही, बहुधा स्टिअरिंगवर डोके ठेवून झोपला असावा. ट्रक पावणेनऊला आला, आमच्या गाडीचा नंबर दहाच्या सुमारास लागला आणि टाकी निम्मीच भरली. पेपर अकराचा होता. साडेनऊला फाट्यावर उभ्या असलेल्या मुलांना मी दोन काळीपिवळ्या करून केंद्रावर पोहोचवले. कोणाचा पेपर चुकला नाही, परंतु एका मुलीच्या वडिलांनी मला जे विचारले, त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते: "गाडी तुमची, तं वेळ दुसऱ्याच्या हातात कशी?"

विजेच्या दोन गाड्या त्याच वर्षी जूनअखेर, शाळा उघडताना घेतल्या. खेड्यातल्या विजेचा काय भरवसा, असे सर्वांनी सांगितले आणि ते पूर्णपणे चुकीचे नव्हते. वाढीव भार मंजूर व्हायला साडेतीन महिने गेले. आमच्या डीपीवर, म्हणजे विजेच्या रोहित्रावर, पिठाची गिरणीही आहे, त्यामुळे दोन्ही गाड्या एकदम चार्जिंगला लावल्या की विजेचा दाब कमी होतो. म्हणून एक गाडी रात्री नऊला लावतो आणि रखवालदार दोन वाजता उठून चार्जरची गन काढून दुसरीला लावतो. या उठण्याबद्दल त्याला महिन्याला वेगळे पैसे देतो. परंतु वीज गेली तर ती माझ्या अंगणात गेलेली असते. रात्री अकरालाच समजते, पर्याय शोधायला अख्खी रात्र हाताशी असते आणि चालक घरी झोपलेला असतो. गॅस नाही हे मात्र मला 34 किलोमीटर दूर उभ्या असलेल्या माणसाकडून, मुले फाट्यावर येण्याच्या वेळेला समजत होते.

नागपुरात मे 2017 मध्ये ई-टॅक्सींचा प्रयोग सुरू झाला तेव्हा त्याचा फार गाजावाजा झाला होता, पण चार्जिंगच्या रांगांना कंटाळून अनेक चालकांनी पुढे गाड्या परत केल्या. लोक तो दाखला विजेच्या गाडीविरुद्ध देतात. मला त्यातही रांगच दिसते. स्वतःच्या आवारात चार्जर बसवता येत नसेल आणि सार्वजनिक चार्जरवरच विसंबायचे असेल, तर माझे म्हणणे बाजूला ठेवून खुशाल सीएनजी घ्यावी.

पल्ल्याबाबत पुस्तिकेतील आकडा विसरावा. आमची गाडी हिवाळ्यात 130 किलोमीटर निवांत जाते, एप्रिलमध्ये एसी लावून 105 च्या पुढे मी नेत नाही. दिवसाची धाव 92 ची असल्याने भागते. मे महिन्यात, पारा 46 च्या आसपास असताना, आमच्याकडे शाळा आणि जिनिंग दोन्ही बंद असतात, त्यामुळे खरा उन्हाळा माझ्या गाड्यांनी अद्याप अंगावर घेतलेला नाही. लग्नसराईत गाडी चालवणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. बिघाडाचेही तसेच आहे: गावातला मिस्त्री बॉनेट उघडतो, बघतो आणि बंद करतो. एकदा सेन्सरच्या किरकोळ दोषासाठी नागपूरहून माणूस यायला पाच दिवस लागले.

हिशेबाच्या वहीत सध्या विजेची गाडी सीएनजीच्या मागेच आहे, हप्ता मोठा असल्यामुळे. किलोमीटरमागचा खर्च मात्र निम्म्याहून कमी येतो आणि ती पहाटेची रिकामी फेरी उरलेली नाही. सीएनजीच्या दोन्ही गाड्या मी विकल्या नाहीत. त्या आता पंपाच्या दिशेच्या मार्गावर लावल्या आहेत आणि तेथे त्यांची काही तक्रार नाही.

जुन्यांपैकी पाचवी, 2011 ची डिझेल गाडी अजून ठेवली आहे. गेल्या जुलैत वादळात डीपी जळाली तेव्हा दोन दिवस तिनेच शाळा केली, धूर सोडत. तिचा फिटनेस पुढच्या मे महिन्यापर्यंत आहे. तिच्या जागी घ्यायच्या गाडीचे कोटेशन मी मागवले आहे, आणि सीएनजीवाल्याकडे या खेपेस फोन केलेला नाही.